शोषासुराचे दोनशे: खेळाच्या टेबलावरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूरला आम्ही सहा जण २०२१च्या पावसाळ्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर कथा पुढे नेण्याचा टेबलावरचा खेळ, खेळायला बसलो आणि मग दर रविवारी बसतच राहिलो. जागा म्हणजे औषधाच्या एका दुकानामागची खोक्यांची खोली. दुकानाचे मालक, आमचे काका, फायटर म्हणजे योद्धा खेळायचे. गणिताच्या एक मॅडम पॅलाडिन (शपथ घेतलेला धर्मयोद्धा), औसा तालुक्यातले एक कृषी सहायक रोग (Rogue, लपून वार करणारा चोरटा), घरून सॉफ्टवेअरचं काम करणारी ताई विझार्ड (जादूगार) आणि निलंग्याकडचा इंजिनिअरिंगचा धाकटा क्लेरिक (मंत्रांनी जखमा भरणारी पुजारीण). मी डीएम, म्हणजे जग मांडणारा आणि शत्रूंच्या वतीनं फासे टाकणारा. मी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून टेबलावरही सगळे मला सरच म्हणतात.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं होतं, की या कथेतला सगळ्यात मोठा शत्रू कोण असावा? ड्रॅगन कुणालाच नको होता. काका म्हणाले, "दुष्काळच आणा की सर. त्याच्यापेक्षा मोठा राक्षस आपण बघितलाय का?" टेबलावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. २०१६ सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलं होतं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. धाकटा तेव्हा शाळेत होता. त्याला शाळेची सुटी आठवते आणि घागरींची रांग आठवते.

म्हणून शोषासुर जन्माला आला. जिथून जाईल तिथलं पाणी पिणारा दैत्यराज. वेदातल्या वृत्रानंही पाणीच अडवलं होतं, तेव्हा ही कल्पना माझी एकट्याची नाही. पण आकडे मला हवे होते. खेळाच्या पाचव्या आवृत्तीतल्या डेमोगॉर्गन या दैत्यराजाचे २०१८च्या पुस्तकातले आकडे मी जसेच्या तसे घेतले: आर्मर क्लास (घाव लागायला किती अवघड) २२, एचपी (हिट पॉइंट, म्हणजे किती घाव सोसून मरेल) ४०६, चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड) २६. नाव आणि रूप तेवढं आपलं.

अडीच वर्षं हा शोषासुर कुणी पाहिला नाही. त्यानं केलेलं मात्र सगळ्यांनी पाहिलं. विहिरीच्या तळाला हाडासारखा तडकलेला चिखल, एका गावात बायकांनी दाराशी पालथ्या घालून ठेवलेल्या घागरी. ही भीती मी फार जपून वाढवली होती. तो समोर येईल तेव्हा नुसता आणखी एक मोठा राक्षस वाटू नये, एवढीच माझी इच्छा होती. पुढचं सगळं या इच्छेतूनच घडलं.

अडचण

कॅरेक्टर सतराव्या लेव्हलला पोचली तेव्हा शोषासुर नदीपात्रात प्रत्यक्ष उभा राहिला. आम्ही वापरत होतो त्या २०१४च्या पुस्तकातला हिशेब सांगायचा तर सतराव्या लेव्हलच्या पाच जणांसाठी ४४,००० गुणांच्या वरची लढाई जीवघेणी समजली जाते. चॅलेंज रेटिंग २६चा शत्रू ९०,००० गुणांचा असतो. म्हणजे दुपटीहून जास्त. मी निर्धास्त होतो.

माझ्या लक्षात न आलेली गोष्ट अशी. पुस्तकाचा हिशेब दिवसभरात सहा ते आठ चकमकी होतील असं धरून बांधलेला आहे. आमची मंडळी रात्रभर विश्रांती घेऊन, एकही मंत्र न वापरता थेट त्याच्यापुढे आली. पॅलाडिन आपली मंत्रशक्ती तलवारीच्या घावात ओतू शकतो, आणि समोर दैत्य असेल तर घाव आणखी वाढतो. मॅडमनी दोन राउंडमध्ये आपल्या सगळ्या मोठ्या शक्ती ओतल्या. शिवाय पाच जणांच्या पाच पाळ्या, आणि दैत्यराज कितीही मोठा असला तरी एकटा. मधल्या मधल्या लेजेंडरी ॲक्शन, म्हणजे इतरांच्या पाळ्यांनंतर त्याला मिळणाऱ्या जादा चाली, धरल्या तरी तराजू त्यांच्याकडेच झुकत होता.

पहिला राउंड १३१. दुसरा १३७. दुसऱ्या राउंडनंतर मी नियमाप्रमाणे सांगितलं, "अर्ध्याच्या खाली आलाय." तिसऱ्यात काकांचा फासा वीसवर, म्हणजे सगळ्यात वरच्या आकड्यावर, पडला. ते हसत म्हणाले, "एवढाच हाय का हा?"

ते वाक्य मला लागलं. अडीच वर्षं, आणि "एवढाच". पडद्याआडच्या कागदावर जेमतेम वीस एचपी उरले होते. मी पेन्सिलीनं त्याच्यापुढे दोनशे लिहिले.

तिसऱ्या राउंडच्या शेवटी एकूण घाव ४१८ झाले होते, म्हणजे तो मेलेला होता. माझ्या कागदावर तो जिवंत होता. चौथ्याच्या शेवटी ५४७. पाचव्या राउंडला त्यानं धाकट्याच्या क्लेरिकवर घाव घातला आणि तिच्या देहातलं पाणी शोषून धूळ करून टाकली. देहच उरला नाही, त्यामुळे मॅडमच्या पॅलाडिनला तिला उठवता येईना, आणि त्याहून मोठा मंत्र ज्या एकीला येत होता तीच गेली होती. ६११ घावांवर शोषासुर पडला. सगळे उभे राहून ओरडले. धाकटा रडत होता आणि हसतही होता. मला वाटलं, साधलं.

आवरताना मॅडमनी वही उघडी ठेवून विचारलं, "सर, एक हिशेब लागत नाही. तुम्ही अर्ध्याच्या खाली आलाय म्हणालात तेव्हा माझ्याकडे दोनशे अडुसष्ट होते. म्हणजे त्याचं एकूण पाचशे छत्तीसच्या वर असूच शकत नाही. मग चौथ्या राउंडनंतर तो उभा कसा राहिला?"

मी म्हणालो, "बोलण्यात चूक झाली असेल माझ्या."

त्या "बरं" म्हणाल्या आणि वही मिटली. या प्रकरणातला सगळ्यात वाईट निर्णय दोनशे वाढवण्याचा नव्हता, हे उत्तर होता.

पर्याय

दोन रात्री नीट झोप नाही. मंगळवारी मी मॅडमना फोन केला आणि खरं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत होतं. पण ते मला एकटीला सांगून भागणार नाही." रविवारपर्यंत काय करायचं ते ठरवायला माझ्याकडे चार दिवस होते.

त्या चार दिवसांत मी जुन्या आवृत्त्यांतले आकडे एका कागदावर मांडले. दैत्यराज किती बलवान असावा, या प्रश्नाला या खेळानं पन्नास वर्षांत एकच उत्तर कधी दिलेलं नाही. १९७६च्या पुरवणीत डेमोगॉर्गन आणि ऑर्कस पहिल्यांदा आले. १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये डेमोगॉर्गनला २०० हिट पॉइंट होते, पण जादूला तो ९५ टक्के दाद देत नसे. पुढच्या वर्षी आलेली लोल्थ, जाळं विणणाऱ्या कोळ्यांची राणी, तिला तर फक्त ६६. आजच्या डोळ्यांना हे हास्यास्पद दिसतं, पण तेव्हा घावही लहान होते आणि तिच्यापर्यंत पोचण्यातच निम्मी माणसं खर्ची पडत. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात दैत्यराजांचे अंश आले. मूळ स्वरूप दूर, समोर फक्त त्याचा एक हिस्सा. २००८च्या चौथ्या आवृत्तीत ऑर्कस तेहतिसाव्या लेव्हलचा झाला, हिट पॉइंट १,५२५. पाचवीत २०१५ साली हे दैत्यराज २३ ते २६ चॅलेंज रेटिंगला येऊन बसले. कॅरेक्टरची कमाल लेव्हल २० असल्यामुळे ते अवघड आहेत, अशक्य नाहीत.

यावरून माझ्यापुढे चार वाटा दिसल्या.

घडलं ते तसंच ठेवायचं आणि पुढे जायचं. सोपं होतं. पण क्लेरिक एका मेलेल्या शत्रूच्या हातून मेली होती, आणि हे मला आणि मॅडमना माहीत होतं.

नदीपात्रात जो मेला तो शोषासुराचा अंश होता, असं सांगायचं. खेळाच्या परंपरेत हे बसतं. पण अंश आधीपासून अंश असावा लागतो. हरल्यावर त्याला अंश म्हणणं म्हणजे माझी चूक कथेच्या पदराखाली झाकणं.

त्याला आकडेच द्यायचे नाहीत. खेळणाऱ्यांत जुनी समजूत आहे की एचपी लिहिले की तो मरतोच, म्हणून देव-दैत्यांना एचपी लिहूच नयेत. ही वाट मला बरेच दिवस मोहवत होती. पण आपल्याकडच्या कथा मला तसं सांगत नाहीत. आमच्याकडे तुळजापूर जवळ, अंबाजोगाई जवळ. भवानीनं महिषासुर मारला, योगेश्वरीनं दंतासुर. या असुरांपैकी एकही अमर नाही. त्यांच्याकडे असतो वर, आणि वरात असते फट. रक्तबीजाचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा राहतो, तर थेंब पडूच द्यायचा नाही. तारकासुराला शिवाचा मुलगाच मारणार, तर आधी शिवाचं लग्न लावा. असुराचं बळ भयंकर असतं, पण अट ठरलेली असते आणि ऐकणाऱ्याला ती आधीपासून माहीत असते. देवी लढत असताना ब्रह्मदेव मध्येच वर वाढवून देत नाही.

इथे मला माझी चूक दिसली. शोषासुर ४०६चा असता काय आणि १,५२५चा असता काय, दोन्ही चाललं असतं. बळ लढाईच्या मध्यात, खेळाडू चांगले खेळले म्हणून वाढलं, हे चालण्यासारखं नव्हतं.

चौथी वाट: सगळं सांगायचं, तिसऱ्या राउंडच्या शेवटाला परत जायचं आणि पुस्तकातला ४०६ मान्य करायचा. मी ही घेतली.

काय केलं

रविवारी फासे काढायच्या आधी मी कागद टेबलावर ठेवला. पेन्सिलीतला दोनशे तसाच होता.

काका म्हणाले, "कामून वाढवलं पण? आम्ही जिंकायलोय ते बघवलं नाही का?"

"काका, तुम्ही एवढाच म्हणालात ते लागलं."

"मी तर खुशीत म्हणालो होतो, सर."

कृषी सहायक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही शेतात पंचनाम्याला जातो. पीक गेलंय ते दिसायलंय, आणि कागदावर पैसेवारी वेगळीच. त्या माणसाला काय वाटतं ते मला आज कळलं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी द्यायचा प्रयत्नही केला नाही.

परत जाण्यावर हात वर केले तेव्हा तीन बाजूनं होते. सहायक विरोधात. धाकट्यानं हात वर केला नाही आणि खालीही नाही. मी ते पाहिलं, तीन पुरेसे धरले आणि पुढे गेलो. तिसऱ्या राउंडच्या शेवटी शोषासुर पडला. क्लेरिक जिवंत.

मग नियमाप्रमाणे पुढचं सांगितलं. ॲबिस म्हणजे दैत्यांचं पाताळ. त्याबाहेर मारलेला दैत्य संपत नाही, त्याचं शरीर विरतं आणि तो आपल्या ठिकाणी पुन्हा उभा राहतो. हे पुस्तकातच आहे, मी नव्यानं जोडलेलं नव्हतं. मॅडमनी पान उघडून खात्री करून घेतली. नदी मात्र परत आली नाही.

यानंतर शोषासुराची नवी मांडणी केली, ती सगळ्यांसमोर, एका वहीत. एचपी ४०६, आर्मर क्लास २२, आणि यात कधीही बदल नाही. ती चिठ्ठी काकांनी दुकानात बिलं अडकवायच्या खिळ्याला लावली. त्याचं बळ कमी करायचं तर ते खेळाडूंनी करायचं. त्याच्या प्रदेशात सात बुजलेल्या बारवा आहेत. एकेक उपसून पाणी मोकळं केलं की त्याची एकेक ताकद जाते. दोन बारवांमागे दोन लेजेंडरी रेझिस्टन्स, म्हणजे मंत्राला हमखास झिडकारण्याच्या त्याच्या दोन संधी. तिसरी संधी कधीच जाणार नाही. तिन्ही गेल्या तर ताईच्या विझार्डचा होल्ड मॉन्स्टर हा थिजवणारा एक मंत्र लागेल आणि थिजलेल्या दैत्यावर प्रत्येक जवळचा घाव दुपटीच्या फाशांनी बसेल, म्हणजे पुन्हा तेच "एवढाच". बाकी बारवांमागे त्याच्या गुहेतल्या शक्ती आणि आसपासच्या माणसांना वेड लावणारा शोष.

यालाही किंमत हवी होती, नाहीतर सगळे सातही बारवा उपसून मगच निघाले असते. एक बारव म्हणजे खेळातले पंधरा दिवस. तेवढ्या दिवसांत शोषासुर एक गाव पितो. कुठलं गाव, ते मी आधीच लिहून पाकिटात ठेवलं आणि पाकीट मॅडमकडे दिलं.

पहिल्या बारवेचा नकाशा मी परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेवरून काढला. तिच्या पायऱ्या चक्रासारख्या फिरत खाली जातात. लढाईला अशी जागा मिळणं भाग्यच, कारण खालचा वरच्याला दिसतो पण सरळ पोचता येत नाही. रोगला धनुष्य घेऊन वर बसता आलं, काकांच्या फायटरला मात्र पूर्ण वळसा घालून उतरावं लागलं. तीन बैठका त्या एकाच बारवेत गेल्या, आणि त्यांत दैत्यराज एकदाही दिसला नाही. तरीही काका दर वेळी विचारत, "आता त्याचं किती उरलं?"

परिणाम

पाच बारवांनंतर ते थांबले. पाच गावं गेली होती. पाचव्या पाकिटातलं गाव त्यांनी पहिल्या वर्षी जिथे मुक्काम केला होता तेच निघालं, पालथ्या घागरींचं. पाकीट उघडलं तेव्हा ताईनं फासे खाली ठेवले. सहावी उपसायची का, यावर पाऊण तास वाद झाला. मॅडमचं गणित सांगत होतं की सहावी घेतली तर जिंकण्याची शक्यता बरीच वाढते. सहायक म्हणाले, "मॅडम, गणित बरोबर आहे. पण मी त्या गावाला परत तोंड दाखवणार नाही." त्यांनी सहावी सोडली. माझ्या दृष्टीनं या कॅम्पेनमधला, म्हणजे आमच्या या लांबलेल्या कथेतला, सगळ्यात चांगला तास तो, आणि त्या तासाला शोषासुर टेबलावर नव्हताच.

शेवटची लढाई सात राउंड चालली, दोन रविवार. न उपसलेल्या दोन बारवांच्या शक्ती त्याच्याकडे होत्या आणि त्यांनीच काकांचा फायटर गेला. मॅडम घावांची बेरीज मोठ्यानं सांगत होत्या. ३९१ झाले तेव्हा खोलीत सगळ्यांना माहीत होतं की पंधरा उरलेत. मला वाटलं होतं आकडा उघडा असला की भीती जाईल. उलटं झालं. पंधरा उरलेला दैत्य सगळ्यांनी श्वास रोखून पाहिला, कारण तो सोळा होणार नाही याची प्रत्येकाला खात्री होती. शेवटचा घाव सहायकांच्या रोगचा. काकांनी खिळ्यावरची चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली.

तरी सगळं सावरलं असं म्हणता येत नाही. सहायक नव्या कॅम्पेनला आलेले नाहीत. भांडण नाही, रस्त्यात भेटले की चहा होतो. त्यांचं म्हणणं एकच: एकदा मागे जाता येतं हे कळल्यावर पुढच्या मरणाला वजन राहत नाही. मी त्यांना पटवू शकलो नाही, आणि ते पूर्ण चुकीचे आहेत असं मला वाटतही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मी मॅडमना पहिल्याच रात्री खरं सांगायला हवं होतं, हे उघड आहे. दोनशेची गोष्ट पाच मिनिटांत मिटली असती.

पहिल्या भेटीची वेळही माझ्या हातात होती. ताज्या दमाच्या सतराव्या लेव्हलच्या पाच जणांपुढे कुठलाही एकटा दैत्यराज टिकत नाही. त्याच्या वाटेवर दोन-तीन चकमकी, किंवा विश्रांती घेऊ न देणारी तहान, एवढंही पुरलं असतं. पेन्सिल उचलावीच लागली नसती. आणि टिकला नसता तरी काय बिघडलं असतं? काका खुशीत होते.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते धाकट्याचं. क्लेरिकचं मरण रद्द करताना मी त्याला वेगळं बसवून विचारलं नाही. माझ्या चुकीनं ती मेली, म्हणून ती परत देणं हा न्याय, असं मी धरून चाललो. पुढे ती लढली, मंत्र म्हणाली, शेवटच्या लढाईत तिनं दोघांना वाचवलं, पण त्याचा आवाज पहिल्यासारखा लागला नाही. काही महिन्यांनी निलंग्याच्या बसमध्ये तो शेजारी होता, तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, "सर, त्या रात्री मी घरी जाऊन तिचा शेवट लिहून काढला होता. चार पानं. आईला वाचून दाखवला. पुढच्या रविवारी तुम्हाला दाखवणार होतो."

मी ती पानं मागून घेऊन वाचली. त्यांत शोषासुराचे एचपी किती होते याचा उल्लेखही नाही. ती बारवेच्या काठावर बसते, ओंजळीत शेवटचं पाणी घेते आणि ते स्वतः न पिता जमिनीवर सोडते, असं त्यानं लिहिलंय. आमच्या बारवांचा विचार टेबलावर येण्याआधी. नव्या कॅम्पेनच्या नकाशावर त्यानं एका बारवेला तिचं नाव दिलं आहे, आणि ती तिथेच धूळ झाली असं तो सांगतो. बाकीच्यांनी ते मान्य केलं आहे.